सोमवारचं उत्तर

लाटंबार्सेच्या सत्यवतीकाकीच्या घरात चुली दोन. एक आत, देवघराला लागून. दुसरी मागच्या पडवीत, झावळांचा आडोसा करून मांडलेली. आतल्या चुलीवर भात, मुगागाठी, खतखतं, देवाचा नैवेद्य. बाहेरच्या चुलीवर नुस्तं. नुस्तं म्हणजे मासळी, पण आमच्या डिचोली-पेडण्याकडे 'मासळी' कोण म्हणत नाही. म्हणालाच तर तो सरकारी खात्यातला असणार. नुस्त्याचं मातीचं कुंडलं वेगळं, चिरायची आदोळी वेगळी, दोय, म्हणजे करटीची पळी, तीही वेगळी. बाहेरची दोय चुकून आत आली तर काकी ती चुलीत घालते आणि नवी करटी घासायला बसते. आरडाओरड नाही.

ऐकणाऱ्याला वाटेल, बाई सोवळ्यातली. सोवळ्यातली कसली! मंगळवारी सकाळी नुस्तेकार हॉर्न वाजवत वाड्यावर आला की पहिली धावणारी हीच. बांगड्याचा कल्ला बोटाने उघडून बघते आणि जमलेल्या बायकांसमोर त्याला सुनावते, "रे, हो बांगडो तुज्या आज्याबरोबर शाळेक गेल्लो मरे!" मग खालची टोपली उघडायला लावते. त्यात बरं नुस्तं असतंच, आणि ते काकीलाच मिळतं. जेवायला बसली की काटे असे चोखते की दारातली मांजरं कंटाळून उठून जातात.

पण सोमवार आला की शिवराक. शिवराक हा आमचा शब्द. शहरातली माणसं त्याला शाकाहारी म्हणतात, पण ते तितकंसं जुळत नाही. त्यांच्याकडे शाकाहारी माणूस असतो, आमच्याकडे शिवराक वार असतो. सोमवार, एकादशी, संकष्टी, श्रावण, चवथ, देवीचा उत्सव. त्या दिवशी काकीच्या घरात कांदा-लसूणसुद्धा नाही, आणि नुस्त्याचं नावही तोंडात घ्यायचं नाही. घेणं पडलंच तर 'तें' म्हणायचं.

एकदा एकादशी शुक्रवारी आली. शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. काकी मिरच्या घ्यायला गेलेली, ओझं उचलायला मी, तिच्या वाड्यावरचा शेजारी. दुपारी बसस्टँडाकडच्या एका खानावळीत बसलो. काकीने शिवराक ताट सांगितलं. ताट समोर आलं आणि बाई उठून सरळ आत चुलीकडे चालती झाली. मालक मागे धावला.

"काकी, कितें जाय?"

"दोय पळोवंक जाय."

दोय बघायची होती तिला. ती एकच होती. हुमणाच्या, म्हणजे नुस्त्याच्या आमटीच्या, टोपातून निघून ती डाळीच्या टोपात बुडत होती. मालकाला वाटलं, आता बया तमाशा करणार. काकी म्हणाली, "पुता, तुजें तें बरें असतलें, वासच सांगता. पूण आज एकादस. आज तुजी डाळ माका जावंची नाय." दोन केळी खाऊन तिने बाजार केला. आणि पुढच्या शुक्रवारी मुद्दाम त्याच खानावळीत जाऊन भातावर हुमण घेतलं, आणि मालकाला बोलावून बरं झालंय म्हणून सांगितलं.

ती देवाला घाबरते असं मला कधी वाटलं नाही. खाते ते सांगून खाते, खात नाही तेही सांगून, एवढाच तिचा धर्म. आणि गंमत बघा, याच बाईच्या एका खऱ्या उत्तरामुळे पुण्यातल्या एका घरातली माणसं भलतंच समजून बसली.

तिची लेक क्षमा पुण्याला नोकरीला. तिथेच कामावरच्या संदीप जगदाळेशी तिचं जमलं. जगदाळे मूळ साताऱ्याकडचे, पिढ्यान्पिढ्या माळकरी. अंडंसुद्धा घरात आलेलं नाही. गोव्याची मुलगी म्हटल्यावर त्यांच्या भावकीने नाकं मुरडली होती. तेव्हा संदीपच्या आईने, सुलोचनाबाईंनी, ठरवलं की मुलीच्या आईलाच फोन करून काय ते विचारावं.

शिमगा नुकताच झालेला. काकी काजूच्या बागेत बोंडांच्या बिया काढत होती. हात चिकाने बरबटलेले, फोन खांदा आणि कानाच्या बेचक्यात. हवापाण्याचं बोलून झालं आणि सुलोचनाबाईंनी हळूच विषय काढला, "ताई, एक विचारायचं होतं. तुमच्याकडे नॉनव्हेज वगैरे काही...?"

आता आमच्याकडे रस्त्यात भेटलेला माणूस बरं-वाईट विचारायच्या आधी विचारतो, "आज नुस्तें कितें?" तो रामराम असतो. काकीला वाटलं, बाई आमच्या रीतीने विचारते आहे. माणसं चांगली दिसतात.

"ना गे बाये," ती म्हणाली. "शिवराक."

"शिव... काय?"

"शिवराक गो! शाकाहारी. कांदोसुद्दां नाय, लसूणय नाय."

पलीकडून सुलोचनाबाईंचा आवाज आनंदाने चढला, "अगं बाई! कांदासुद्धा नाही?"

"कांदो कसो घालतले? आमच्या घरात आजवर कोणें घालूंक नाय."

सोमवारी घालूंक नाय, असं म्हणायला हवं होतं. पण त्या दिवशी सोमवार आहे हे झाडांना ठाऊक, गुरांना ठाऊक. पुण्याला ठाऊक नसेल हे काकीच्या मनातही आलं नाही.

बियांचा हंगाम संपला तसं दोन्ही घरांनी एकदा समोरासमोर भेटायचं ठरलं. भेट पुण्याला, बुधवारी, संध्याकाळी एका मोठ्या हॉटेलात. गाडी माझी म्हणून चालवायला मी. पुढे सखारामकाका, काकीचा नवरा. हा खाणीवर डंपर चालवायचा. खाण बंद पडल्यापासून बागायत बघतो. भला माणूस, पण नुस्तं आल्याशिवाय याचं वाक्य पुरं होत नाही. आंबोलीचा घाट चढताना गार वारा लागला तर म्हणतो, "असो वारो पडलो की तारले येतले."

कोल्हापूरच्या अलीकडे जेवायला थांबलो. वेटर आला. "व्हेज का नॉनव्हेज?"

काकीने विचारलं, "आज कुठचो वार?"

"बुधवार."

"मग नॉनव्हेज."

वेटर जरा घुटमळला. "आणि काल असता तर?"

"काल मंगळवार. कालय नॉनव्हेज."

"मग वार कशाला विचारला, मावशी?"

"विचारूंक जाय रे पुता. वार विचारल्याबगर कोण जेवता?"

तिथलं तळलेलं पापलेट खाऊन काकीने तोंड वाकडं केलं. "ह्या नुस्त्यान दर्यो पळोवन वर्सां जाल्लीं," म्हणाली. पण टाकलं नाही. ताटात घेतलेलं टाकत नाही ती.

पुण्याला पोचलो, क्षमाच्या खोलीवर तोंडं धुतली. हॉटेलकडे निघालो तेव्हा क्षमा मागे आईजवळ बसली.  मग म्हणाली, "आई, एक सांगूंचें असा. तुवें माका मारचें नाय."

"मार खावपासारकें कितें केलंस?"

"संदीपच्या घरात दिसता की आमी शिवराक. सदांचे."

"सदांचे? कोणें सांगलें तांका?"

"तुवें."

"मी?"

"फोनार. कांदोसुद्दां नाय म्हणून सांगलंस ना?"

आरशात मला काकी दिसत होती. तिने डोळे बारीक केले, बोटांवर मागे मागे मोजत गेली, आणि एकदम ओरडली, "तो सोमार असलो गो!"

"माका कळ्ळें, तो सोमार असलो तें. तांका कशें कळतलें?"

"मग तुवें कित्याक सांगूंक नाय?"

क्षमा म्हणाली, सांगणार होते. पण सुलोचनाबाई इतक्या खूश झाल्या, भावकीत सांगत सुटल्या, म्हणून संदीप म्हणाला, आता राहू दे. नाहीतर लग्न मोडेल. लग्न झाल्यावर हळूहळू सांगू.

"हळूहळू?" काकी म्हणाली. "नुस्तें हळूहळू कशें सांगतले गो? आज शेंपडी आनी फाल्यां मुंडी?"

मला हसू आवरेना, गाडी जरा वाकडी गेली. पण क्षमा हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं. "आई, तीं माणसां बरीं असात. माका हेंच घर जाय. आज एक दीस गप्प रव."

काकी बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. सिग्नलवर सिग्नल गेले. मग म्हणाली, "बरें. मी आपणाहून काडचें नाय. पूण कोणें विचारलें तर फट मारचें नाय." फट म्हणजे खोटं. "आनी पप्पा," क्षमा पुढे वाकून म्हणाली, "तुमी तर तोंडच उगडूं नकात." सखारामकाकाने मान हलवली. त्या क्षणापासून त्याने मौनच धरलं.

हॉटेल मोठं. पाटीवर हिरव्या अक्षरांत शुद्ध शाकाहारी. आत थंडगार, मेजावर पांढरे रुमाल पंख्यासारखे दुमडून कोपांत, म्हणजे काचेच्या पेल्यांत, खोवलेले, आणि एका माणसाला काटे-कुलेरी इतक्या, जशी काही सुताराची पेटी उपडी केली आहे.

जगदाळे मंडळी आधीच येऊन बसली होती. सुलोचनाबाई उभट चेहऱ्याच्या, नेटक्या, गळ्यात तुळशीची माळ. संदीपचे वडील, अप्पा, एसटीतून निवृत्त झालेले. मिशी भरघोस पण माणूस जरा उतरलेला वाटला. संदीप हसतमुख, मात्र क्षमाकडे बघायचा आणि पाणी प्यायचा. नमस्कार झाले. काकीने आणलेल्या भाजलेल्या बिया सुलोचनाबाईंनी दोन्ही हातांनी घेतल्या. "सत्यवतीताई, तुमच्याबद्दल इतकं सांगितलंय मी आमच्याकडे!" त्या म्हणाल्या. काकी नुसती हसली. अर्धंच हसली.

मेनूचं पुस्तक आलं. काकी मराठी शाळेत शिकलेली, एकेक ओळ बोट ठेवून वाचते. वाचता वाचता बोट थांबलं.

"क्षमा, हें कितें गो? व्हेज खिमा?"

"सोयाबीनचा असतो तो," संदीप घाईने म्हणाला.

"आनी हो व्हेज सीख कबाब?"

"भाज्यांचा. इथला फार छान असतो," सुलोचनाबाई म्हणाल्या. "आम्ही नेहमी घेतो."

काकीच्या मनात काय आलं ते मला कळलं. सोमवारी ती 'तें' म्हणते, आणि इथे गळ्यात माळ घातलेली माणसं नाव घेऊन कबाब मागवतात. पण ती एक शब्द बोलली नाही. ज्याच्या देवाला जसा नमस्कार, तसा तो करणार, असा तिचा हिशेब.

सुलोचनाबाईंनी वेटरला सगळं सांगितलं आणि वर बजावलं, "सगळं जैन करा हं. कांदा-लसूण कणभर नको. सॅलडमध्येसुद्धा नको."

"मॅडम, मग ग्रेव्ही पांढरी येईल. काजूची."

"चालेल."

जेवण आलं. पनीर पांढऱ्या रश्शात पोहत होतं. काकीने चव घेतली आणि तिला काजू लागले. उन्हात पाठ भाजून एकेक बी वेचणारी बाई; ते उकडून, वाटून, साखर घालून असं पातळ केलेलं जिभेला लागल्यावर तिचा चेहरा बागेत वणवा शिरल्यासारखा झाला. पण जेवत राहिली. सखारामकाका परीक्षेला बसल्यासारखा ताटात बघून खात होता. सुलोचनाबाईंनी त्याला काजूच्या बागेबद्दल काहीतरी विचारलं, तर त्याने हातानेच झाडाची उंची दाखवली.

"फार मितभाषी आहेत," सुलोचनाबाई कौतुकाने म्हणाल्या.

बोलणी चांगली चालली होती. लग्न कुठे, डिचोलीला की पुण्याला, पावसाआधी जमेल की तुळशीच्या लग्नानंतर. क्षमाचा चेहरा हळूहळू सैल होत होता. नुस्त्याचा विषय कोणी काढला नव्हता. कोणी काढणारही नव्हतं, कारण जगदाळ्यांच्या मनात शंकाच उरलेली नव्हती. एवढं जेवण पार पडलं की झालं.

तेवढ्यात शेजारच्या मेजावर पावभाजी आली. वर बचकभर चिरलेला कांदा, बाजूला लिंबाची फोड. अप्पांचा घास हातात राहिला. नजर त्या कांद्यावर गेली ती परत येईना.

भुकेलं माणूस काकीला पाठमोरं असलं तरी कळतं.

"अप्पा, तुमका कितें तरी जाय मगो?"

अप्पा दचकले. "नाही नाही. भरपूर झालंय."

"तुमी त्या कांद्याकडे पळयतात."

सुलोचनाबाई हसल्या. "जुनी सवय आहे हो त्यांची. सुटेल हळूहळू. आम्ही कांदा सोडलाय."

"सोडलो? कित्याक?"

"अहो, तुमच्यासाठीच की!" सुलोचनाबाईंचा आवाज अभिमानाने भरून आला. "तुम्ही फोनवर म्हणालात ना, कांदासुद्धा नाही. मी म्हटलं, आपण एवढे माळकरी म्हणवतो आणि खुशाल कांदा खातो. उद्या सुनेचे आईवडील आपल्याकडे जेवायला आले तर आपल्या भांड्यांना वास नको. त्याच दिवशी कांद्याची टोपली धुऊन माळ्यावर टाकली."

"पिठलंसुद्धा बिनकांद्याचं," अप्पा खालच्या आवाजात म्हणाले. "उन्हाळाभर."

काकीचा हात ताटात थांबला. मेजाखाली क्षमाने आईचा पाय दाबला. मला कळलं, कारण पाय माझा होता.

काकीने कुलेर खाली ठेवली. रुमालाला हात पुसला. क्षमाकडे बघितलं, आणि ते बघणं मी विसरणार नाही. त्यात राग नव्हता, माफीही नव्हती. मोठं ओझं उचलण्याआधी बाई जशी एकदा जमीन बघून घेते, तसं ते होतं.

"सुलोचनाबाय," ती म्हणाली, "तुमी फोन केल्लो तो सोमार. सोमारी आमच्या घरात कांदो नाय, लसूण नाय, तेंय नाय. पूण मंगळारा सगळें असता. आज बुधवार. आज दनपारांच मी नुस्तें खाल्लां, कोल्लापुराच्या वाटेर. तेंय वायट."

सुलोचनाबाईंना निम्मंच कळलं. त्यांनी हसरा चेहरा तसाच ठेवून क्षमाकडे बघितलं. "काय म्हणाल्या गं त्या? नुस्तं म्हणजे?"

आता सगळं क्षमाच्या जिभेवर आलं. 'नुस्तं म्हणजे नुसतं, साधं जेवण' असं ती म्हणाली असती तर खपलं असतं. संदीपने तिच्याकडे बघून किंचित मान हलवलीही. काकी मात्र लेकीकडे बघत नव्हती. ती समोरच्या पाण्याच्या कोपाकडे बघत होती, जणू काय ते तू आणि तुझी जीभ बघून घ्या.

क्षमा सुलोचनाबाईंकडे वळली. "आई म्हणते, आम्ही मासे खातो. सोमवार सोडून. आणि एकादशी, श्रावण असं काही असेल ते सोडून. त्या दिवशी सोमवार होता."

"म्हणजे तूही?"

"मीही."

"आणि मला काय वाटतंय ते तुला ठाऊक होतं?"

"हो."

सुलोचनाबाई मुलाकडे वळल्या. "तुला?"

संदीपने पाण्याचा कोप तोंडाला लावला. तेवढं त्यांना पुरलं. सुलोचनाबाईंनी ताट थोडं पुढे सरकवलं. "गोव्याची मुलगी म्हटल्यावर आमच्या लोकांची तोंडं सुटली होती. ती मी तुमच्या कांद्यानं बंद केली. आता काय सांगू त्यांना?"

"खरें तें सांग," काकी म्हणाली. आता ती अगंतुगंवर आली होती, वाड्यावरच्या बाईशी बोलावं तशी. "मी फट मारूंक नाय. आमच्याकडे असो प्रस्न विचारतात तो आज कितें शिजलां म्हणून. मी त्या दिसाचें सांगलें, तुका तें जल्माचें दिसलें. चूक कोणाचीच नाय. माजी चली क्षमा म्हणाली, गप्प रव. मी म्हटलें, रवतां. कोणें विचारूंक नाय, मी कित्याक सांगूं? पूण तूं माज्या एका उतराखातीर कांदो सोडलंस गो. तुज्या घोवान सोडलो. आनी मी हांगां बसून तुमचें फुकटचें उपास पळयत जेवूं? आतां गप्प रवलें तर ती फट जाता."

मग जरा थांबून म्हणाली, "लग्न करूंचें काय ना तें तुमी ठरयात. चली माजी बरी असा, म्हणून मी सांगचें नाय, ती तुमी पळोवन घेयात. पूण कांदो आज खा."

 आजूबाजूच्या मेजांवर भांड्यांचा आवाज चाललेला. वेटर येऊन "आणखी काही?" विचारून गेला. क्षमा खाली मान घालून बसली होती. माझ्या मनात आलं, झालं, मोडलं. आता उठायचं आणि घाट उतरायचा.

मग अप्पांनी बोट वर केलं. वेटर परत आला.

"एक कांदा आणा. गोल चिरून. लिंबू पण."

"अहो!" सुलोचनाबाई म्हणाल्या.

"अगं, कारणच राहिलं नाही," अप्पा म्हणाले.

कांदा आला. पांढऱ्या बशीत जांभळ्या चकत्या, वर मीठ. बशी मेजाच्या मधोमध. अप्पांनीसुद्धा लगेच हात घातला नाही. बायकोकडे बघत थांबले.

सुलोचनाबाई त्या बशीकडे बघत म्हणाल्या, "माझ्या घरात मासे शिजणार नाहीत."

बोलल्या क्षमाला. काकीने तोंड उघडलं नाही. हे तिने कसं जमवलं देव जाणे.

"नाही शिजणार," क्षमा म्हणाली. "घरात आणणारही नाही. तुमच्या भांड्याला लावणार नाही. ते मला आईनं शिकवलंय."

"आणि बाहेर?"

"बाहेर खाईन कधीतरी. खाल्लं तर तुम्हाला सांगेन."

"मला कशाला सांगतेस? मला नको ऐकायला!"

"सांगितल्याशिवाय नाही खाणार. एवढे दिवस नाही सांगितलं, तेवढं पुरे झालं."

"अगं पण मी म्हणते ना, नको सांगूस!"

"मग खाता यायचं नाही मला."

सुलोचनाबाईंनी हताश होऊन अप्पांकडे बघितलं. अप्पांच्या मिशीखाली काहीतरी हलत होतं. "सांगू दे गं तिला," ते म्हणाले. "तुझा मुलगा ऑफिसात बटाटेवड्याबरोबर कांदा खातोय उन्हाळाभर, त्यानं सांगितलं का तुला?"

"संदीप!"

"आई, एकदाच," संदीप म्हणाला. मग आईकडे बघून त्याने खरं तेच सांगून टाकलं. "रोज."

सुलोचनाबाईंनी कपाळावर हात मारला. त्या हसताहेत की रडताहेत ते काही वेळ आम्हाला समजलं नाही. हात खाली आला तेव्हा चेहरा थकलेला होता, पण त्यावरची मघाची अढी सुटली होती. "या मेजावर मला आपणहून खरं कोणी सांगितलं?" त्या म्हणाल्या. "माझ्या पोरानं नाही. होणाऱ्या सुनेनं नाही. ज्यांना गप्प बसणं सगळ्यात सोयीचं होतं, त्यांनी."

"सोयीचें कसलें गो," काकी म्हणाली. "पोटात खुपत असलें."

सुलोचनाबाईंनी बशी जवळ ओढली. लिंबू पिळलं. बिया काढून टाकल्या. पहिली चकती उचलली आणि हात काकीच्या ताटावर नेऊन तसाच धरला.

"आज बुधवार ना?" त्यांनी विचारलं. "मग तुम्हाला कांदा चालेल ना, विहीणबाई?"

क्षमाने झटकन वर बघितलं. त्या शब्दाने लग्न ठरलं हे तिला कळलं, संदीपला कळलं. सखारामकाकाला कळायला जरा वेळ लागला. मी त्याला कोपराने ढोसलं.

"चलतलो," काकी म्हणाली. "दोन घाल, विहीणबाय. एकान ह्या पनीराक चव येवंची नाय."